तारेवरील सभा आणि कुरकुंभ

२०१३ च्या कंपनी-कायद्यातील ९६ वे कलम वकिलांखेरीज फारसे कोणी वाचत नसेल. परंतु त्यात एक शब्द असा आहे की, तो वाचून खेड्यातील मनुष्याने क्षणभर थांबावे. प्रत्येक कंपनीने आपल्या भागधारकांची वार्षिक सभा सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळात, राष्ट्रीय सुटीचा दिवस वगळून, आपल्या नोंदलेल्या कचेरीत, अथवा ती कचेरी ज्या शहरात, नगरात किंवा गावात असेल तेथेच भरवावी, असे या कलमाने सांगितले आहे. ‘गावात’ हा तो शब्द होय. कायदा रचणाऱ्यांच्या दृष्टीपुढे सभा म्हणजे प्रथम एक जागा होती. छप्पर, खुर्च्या, अध्यक्षांची घंटा, पाण्याचा तांब्या, आणि दाराशी हजेरीच्या वहीवर सही घेणारा कारकून, हे सर्व त्या एका वाक्यात गृहीत धरलेले आहे.

२०२० च्या मे महिन्याच्या ५ तारखेस केंद्र सरकारच्या कंपनी-व्यवहार मंत्रालयाने एक परिपत्रक काढले आणि ही जागाच नाहीशी केली. महामारीची टाळेबंदी चालू होती. माणसांनी एकत्र जमणे हाच अपराध ठरला होता. म्हणून वार्षिक सभा दूरदृश्य पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी पडद्यापुढे बसून, भरविण्यास मुभा मिळाली. ही मुभा त्या वर्षापुरती म्हणून दिली होती. पुढे तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली. अशा सभेस हल्ली निरनिराळी इंग्रजी नावे आहेत. प्रस्तुत लेखात तिला ‘दूरसभा’ म्हणू. ही दूरसभा काही २०२० साली जन्मास आली नाही. तिचा वंश दीडशे वर्षांचा आहे, आणि त्या वंशाचा एक स्वभाव आहे. तो कुरकुंभासारख्या गावातून पाहिला असता जितका स्पष्ट दिसतो तितका मुंबईतून दिसत नाही.

कुरकुंभ हे पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील गाव. पुणे-सोलापूर रस्ता आणि दौंडाकडून बारामतीकडे जाणारा रस्ता यांच्या मिलाफाशी ते वसले आहे. जुन्या लोकांस ते फिरंगाई देवीचे गाव म्हणून ठाऊक. नव्या लोकांस औद्योगिक वसाहतीचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि त्याने जिरायती माळरानांवर ज्या वसाहती उभारल्या त्यांपैकी ही एक, मुख्यतः रसायने व औषधद्रव्ये यांची. सिप्ला, एम्क्युअर, अल्काइल अमाइन्स, क्लीन सायन्स इत्यादी कंपन्यांचे कारखाने येथे आहेत. या मालाचे गिऱ्हाईक गावात नाही, तालुक्यात नाही, बहुधा देशातही नाही. खोकल्याच्या औषधासाठी लागणारे ग्वायाकोल येथे तयार होते. ते विकत घेणारा मनुष्य हजारो कोसांवर असतो. ज्या गावाचा व्यापार इतका दूरचा, त्या गावाचे भवितव्य दूरच्या सभांत ठरावे यात नवल नाही.

दूरच्या ठिकाणी ठरणाऱ्या गोष्टींचा अनुभव या मुलखास पूर्वीपासून आहे. १८५८ च्या जून महिन्यात खंडाळ्याहून पुण्यापर्यंत लोहमार्ग आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो पुण्याहून भीमेच्या काठाने दिकसळपर्यंत गेला. रूळ दौंडावरून गेले. कुरकुंभ बाजूस राहिले. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि दौंड जंक्शन बनले. हा मार्ग कोठून जावा हे ठरविणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे संचालक लंडनमध्ये बसत असत. त्यांच्या सभेस दौंडचा कोणी नव्हता हे सांगावयास नकोच. तथापि त्या काळी निदान अडचण उघड होती: लंडन फार दूर होते.

ते अंतर तोडण्याचा पहिला मोठा समारंभ १८७० साली झाला, आणि त्यातील एक पक्ष मुंबई हा होता. ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाच्या प्रचंड आगबोटीने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार घातली, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये लंडन व मुंबई पाण्याखालून जोडली गेली. २३ जूनच्या रात्री लंडनच्या आर्लिंग्टन स्ट्रीटवर, या उद्योगाचे प्रमुख जॉन पेंडर यांच्या घरी मेजवानी झाली. पाहुण्यांत प्रिन्स ऑफ वेल्स होते. दिवाणखान्यातच तारयंत्र मांडले होते, आणि पाहुणे मंडळी सरबत घेत घेत हिंदुस्थानातील व्हाइसरॉय व मुंबईचे गव्हर्नर यांच्याशी निरोपांची देवघेव करीत होती. उत्तरे काही मिनिटांत येत. ही मेजवानी केवळ मौजेची नव्हती. ती कंपनीची जाहिरात होती, भांडवल देणाऱ्यांस आपल्या पैशाचे काय झाले ते दाखविण्याची युक्ती होती. एका यजमानाने आपल्या घरी बसून दूरदेशीच्या माणसांसह भरविलेला हा व्यापारी समारंभ होता, आणि आजच्या दूरसभेचे मूळ येथे दाखविण्यास आम्हांस हरकत वाटत नाही. त्यात बोलावयास कोणास मिळाले? यजमानाच्या यादीत ज्यांची नावे होती त्यांस.

त्या तारेने मुंबईच्या कापसाच्या व्यापाराचे काय केले हे मराठी वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. लिव्हरपूलचा भाव बोटीच्या टपालाने कित्येक आठवड्यांनी कळे तो त्याच दिवशी कळू लागला. भाव आधी कळण्यावर ज्यांचा नफा अवलंबून होता त्या मधल्या माणसांचा धंदा बसला, आणि शब्दागणिक दाम पडत असल्यामुळे सांकेतिक शब्दांचे कोश बाळगणारे नवे लोक पुढे आले. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व मिटते भाव तारेने मुंबईस येऊ लागले, तेव्हा शहरातील सामान्य माणसासही त्या दूरच्या बाजारात भाग घेण्याचा एक मार्ग सापडला: त्या आकड्यांवर पैसे लावणे. मुंबईच्या आकड्याच्या जुगाराची उत्पत्ती ही अशी आहे. ज्यास बाजारात बोलता येत नाही, केवळ बाजार ऐकता येतो, तो ऐकण्याचाच जुगार करतो! पण हे विषयांतर झाले.

तारेवर सभा भरविण्याचा पहिला यथासांग प्रयोग अमेरिकेत झाला. १९१६ च्या मे महिन्याच्या १६ तारखेस तेथील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेने आपली राष्ट्रीय सभा दूरध्वनीवरून घेतली. त्याच्या आदल्या वर्षीच न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही खंड ओलांडणारी दूरध्वनीची तार सुरू झाली होती. न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को अशा नगरांतील सभागृहांत मिळून पाच हजारांहून अधिक लोक जमले, आणि प्रत्येकास कानाशी धरावयाचे श्रवणयंत्र दिलेले होते. संस्थेचे अध्यक्ष जॉन कार्टी यांनी न्यूयॉर्कमधून सभा सुरू केली. एकेका नगराचे नाव पुकारले गेले, आणि त्या त्या नगराने ‘हजर’ म्हणून उत्तर दिले. मध्यंतरी तार तोडून प्रत्येक नगराने आपापली स्थानिक भाषणे ऐकली, व मग सर्व पुन्हा जोडले गेले. ही मध्यंतराची योजना मोठी शहाणपणाची होती. दूरच्या आवाजाने मनुष्य लवकर थकतो हे त्या अभियंत्यांस पहिल्याच दिवशी उमगले होते. आज सकाळपासून सायंकाळपर्यंत पडद्यापुढे माणसे बसविणाऱ्या व्यवस्थापकांस ते अजून उमगलेले दिसत नाही.

पाच हजारांच्या त्या सभेत बोलणारे मात्र मोजकेच होते. बाकीच्यांच्या हाती ऐकण्याचे यंत्र होते, बोलण्याचे नव्हते. दूरसभेच्या वंशाचा जो स्वभाव आम्ही वर म्हटला तो हाच. तार लांबत जाते तसे ऐकणे स्वस्त होते, आणि बोलणे मात्र यजमानाच्या मर्जीचे होऊन बसते.

याच काळात आपल्याकडे समोरासमोरच्या सभेचे युग भरास आले होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरविली. देशी उद्योगांविषयी आस्था असणाऱ्या माणसांनी एका ठिकाणी यावे, निबंध वाचावेत, त्यांवर वाद करावा, ही कल्पना तेव्हा नवी होती. १९३४ साली पुण्यास मराठा चेंबर स्थापन झाले, आणि जिल्ह्यातील कारखानदारांस आपसांत भेटण्याचे एक कायमचे ठिकाण मिळाले. रानात वसलेल्या कारखान्याने जगाशी बोलावे कसे याचे एक निराळे उत्तर किर्लोस्करवाडीने दिले होते. १९१० साली माळावर उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. गिऱ्हाइकांस कारखान्याची वार्ता पोहोचविण्यासाठी निघालेले ते पत्र पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाऊ लागले. वाडीने आपल्या गिऱ्हाइकांशी मराठीत बोलणे पसंत केले, ही गोष्ट येथे नमूद करून ठेवतो.

स्वातंत्र्यानंतर भागधारकांची सभा हा मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा एक रंगीत भाग बनला. १९८५ साली रिलायन्स कंपनीची सभा कूपरेजच्या फुटबॉलच्या मैदानावर भरवावी लागली, कारण हजारो भागधारकांस पुरेल असे सभागृह नव्हते. अशा सभांस जाणारे काही वृद्ध गृहस्थ तर वर्षभर एका सभेतून दुसऱ्या सभेत जात, ताळेबंदातील कानाकोपऱ्यांवर प्रश्न विचारीत, आणि जाताना फराळाचा पुडा घेऊन जात. त्यांची थट्टा पुष्कळ झाली आहे. परंतु ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यास खाली बसविणे अध्यक्षांस सोपे नव्हते. घंटा वाजविली तरी तो बोलतच राही, आणि सभा हसत असली तरी त्याचे ऐकत असे. भेटवस्तू वाटण्याची चाल २०१५ साली कंपनी-सचिवांच्या नियमांनी बंद पडली. तीच रिलायन्स कंपनी २०२० च्या १५ जुलै रोजी आपली सभा पडद्यावर घेती झाली, तेव्हा मैदान लागले नाही, सभागृहही लागले नाही.

त्या वसंतऋतूत दूरसभांचा जो पूर आला त्याचे मान एका आकड्यावरून कळेल. ‘झूम’ या अमेरिकी कंपनीच्या सभांत २०१९ च्या डिसेंबरात दररोज सुमारे एक कोटी लोक भाग घेत होते. २०२० च्या एप्रिलात हा आकडा तीस कोटींवर गेला. पुण्याच्या चेंबरनेही आपले कार्यक्रम पडद्यावर नेले. औषधांच्या धंद्यात मोठी जत्रा म्हणजे युरोपात दरवर्षी भरणारे ‘सीपीएचआय’ प्रदर्शन. कुरकुंभासारख्या वसाहतींत जे तयार होते त्याचे विक्रेते व खरेदीदार तेथे भेटतात. २०२० साली ते मिलान येथे भरावयाचे होते. ते रद्द झाले, आणि ऑक्टोबरच्या ५ ते १६ तारखांस पडद्यावर उत्सव झाला. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मंडळी पुन्हा मिलानच्या दालनांत प्रत्यक्ष जमली. यावरून जे दिसते ते असे की, व्यापाऱ्यास ज्या भेटीची खरी गरज वाटते ती भेट तो पडद्यावर फार दिवस ठेवीत नाही. पांढऱ्या भुकटीचा नमुना टपालाने जातो, परीक्षणाचा दाखला क्षणात जातो. परंतु वर्षभर माल वेळेवर देईल की नाही हे गिऱ्हाईक माणसाच्या तोंडाकडे पाहून ठरविते.

सरकारी तपासणीचीही तीच गत झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये परदेशांतील बहुतेक कारखान्यांच्या तपासण्या थांबविल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये पडद्यावरून कारखाना पाहण्याची एक पद्धत जाहीर केली. कारखान्यातील मनुष्याने कॅमेरा हाती धरून यंत्रांमधून फिरावे व साता समुद्रांपलीकडच्या अधिकाऱ्याने ते पाहावे, अशी ती तऱ्हा. मात्र हिला ‘तपासणी’ म्हणू नये हे त्या खात्याने त्याच वेळी स्पष्ट केले. कॅमेरा ज्या दिशेस वळवावा ती दिशा दिसते. वास येत नाही, आणि दाराआड काय आहे ते कळत नाही, हे त्यांस ठाऊक होते.

आता भागधारकांच्या सभेकडे वळू. २०२० च्या परिपत्रकांतील अटी वाचण्याजोग्या आहेत. मोठ्या कंपन्यांनी निदान एक हजार सभासद सामावतील अशी सोय करावी, जो आधी येईल त्यास आधी प्रवेश द्यावा. परंतु शेकडा दोन वा अधिक भाग धारण करणारे, संस्थारूप गुंतवणूकदार, संचालक, हिशेबतपासनीस यांस ही मर्यादा नाही. सभेपूर्वी निदान पंधरा मिनिटे दार उघडे असावे व ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटे होईपर्यंत ते बंद करू नये. पडद्यावर हजर असलेला मनुष्य गणसंख्येत मोजला जावा. प्रतिनिधी पाठविण्याचा अधिकार मात्र राहिला नाही. जेथे स्वतः जाणेच नाही तेथे आपल्या ऐवजी दुसऱ्यास पाठविण्यात अर्थ काय, असा त्यातील तर्क. ज्यास बोलावयाचे असेल त्याने आधी नाव नोंदवावे, अशी प्रथा कंपन्यांनी पाडली. नाव पुकारले जाईपर्यंत त्याचा आवाज बंद असतो. जुन्या सभेत शांतता ही अध्यक्षांस मागावी लागे. नव्या सभेत ती आधीपासूनच असते, आणि बोलणे हेच मागावे लागते.

न्यायाने सांगावयाचे तर लाभही मोठा झाला. मुंबईस एक दिवसाची रजा, गाडीभाडे, मुक्काम, एवढे करून सभेस जाणे सोलापूरच्या शिक्षकास वा नाशिकच्या विधवेस कधी शक्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने कूपरेजचे मैदानही लंडनइतकेच दूर होते. आज ती दोघे घरी बसून अध्यक्षांचे भाषण ऐकतात. ऐकण्याचा हा अधिकार क्षुल्लक नव्हे.

क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी ही कंपनी, जिचे कारखाने कुरकुंभास आहेत, २०२१ च्या जुलैत रोखेबाजारात दाखल झाली. नऊशे रुपयांस एक या भावाने तिचे सुमारे पंधराशे सत्तेचाळीस कोटी रुपयांचे भाग लोकांस विकले गेले. बाजारात दाखल झालेल्या अशा कंपन्या दर तिमाहीस आपल्या उत्पन्नाविषयी गुंतवणूकदारांशी दूरध्वनीवर चर्चा करतात, आणि त्याच वर्षीपासून रोखेबाजाराच्या नियामक मंडळाने या चर्चांचे ध्वनिमुद्रण सर्वांस खुले करण्याचा नियम केला आहे. या चर्चांची एक ठरीव भाषा आहे. आरंभी निवेदक सांगतो की, सर्वांच्या तारा केवळ ऐकण्यापुरत्या जोडल्या आहेत. प्रश्न विचारावयाचा असेल त्याने तारांकन व एक ही बटणे दाबावीत. आणि वेळ थोडा असल्याने प्रत्येकाने दोनच प्रश्न विचारावेत. मग मुंबईतील विश्लेषक उत्पादनक्षमता, कच्च्या मालाचे भाव व नफ्याचे प्रमाण यांविषयी विचारतात. अशा संभाषणात कुरकुंभ हे कारखान्याच्या पत्त्यातील एक नाव असते. तेथील विहिरींचे पाणी, रात्रीचा वास, वसाहतीत लागलेल्या आगी, या गोष्टी कोणी लपविल्या म्हणून नव्हे, तर त्या विचारणारा कोणी तारेवर नसतो म्हणून निघत नाहीत.

मग गावाने कोठे बोलावे? २००६ सालच्या पर्यावरण-अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांसाठी जाहीर सुनावणी सांगितली आहे: प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ, जिल्हाधिकारी अथवा त्यांचे प्रतिनिधी यांच्यापुढे, आणि तिचा गोषवारा स्थानिक भाषेत. तिला गणसंख्येची अट नाही. एकच शेतकरी आला तरी सुनावणी होते. या देशातील सभांच्या नियमांत इतका उदार नियम आमच्या पाहण्यात दुसरा नाही. परंतु मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीच्या आतील प्रकल्पांस त्याच अधिसूचनेने या सुनावणीतून सूट दिली आहे. ज्या तज्ज्ञसमित्या अशा प्रकल्पांची छाननी करतात त्यांच्या बैठकी २०२० च्या एप्रिलपासून पडद्यावर होऊ लागल्या.

राहिली ग्रामसभा. वर्षातून निदान चार वेळा ती भरली पाहिजे, आणि मतदारांपैकी शेकडा पंधरा किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असले पाहिजेत. टाळेबंदीच्या त्या वर्षी कंपन्यांच्या सभांसाठी परिपत्रकांमागून परिपत्रके निघाली; सहकारी संस्थांसही पुढे पडद्यावर वार्षिक सभा घेण्याची मुभा मिळाली, आणि ‘मंजूर, मंजूर’ अशा आरोळ्यांत सभा गुंडाळण्याची जी कला आपल्या साखर कारखान्यांनी हस्तगत केली होती तिला आवाज बंद करण्याचे बटण मिळाल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. महाराष्ट्रातील ग्रामसभा मात्र त्या काळात स्थगित ठेवण्यात आल्या. जमू नये हे दोघांसही सारखेच लागू होते. भांडवलाच्या सभेसाठी मार्ग शोधला गेला, गावाच्या सभेसाठी थांबणे पुरेसे वाटले. त्या वेळी गावोगावी मोबाइल फोन होते, आणि मुलांच्या शाळा त्यांवर चालू होत्या. तेव्हा साधने नव्हती असे म्हणता येणार नाही.

कुरकुंभच्या रहिवाशास एक मार्ग मात्र नव्याने खुला झाला आहे, आणि तो कोणी योजून दिलेला नाही. वसाहतीतील बाजारात नोंदलेल्या कंपनीचा एक भाग विकत घ्यावा. एका भागाचा धनी हाही भागधारकच. वार्षिक सभा पडद्यावर असेल तर त्यास पुण्यास वा मुंबईस जावे लागत नाही, आणि आपल्या ओसरीवर बसून, कारखान्याच्या धुराड्याकडे पाहत, त्यास संचालकांस त्याच धुराड्याविषयी विचारता येते. त्यासाठी बोलणाऱ्यांच्या यादीत मुदतीच्या आत नाव घालावे लागते. सभेची सूचना इंग्रजीत येते. तिची जाहिरात जिल्ह्याच्या भाषेतील वर्तमानपत्रातही दिली जाते, बहुधा आतील पानावर, बारीक टाइपात.